फौजदाराचा डेंगा

१

त्र्यंबकराव दिघ्यांना नवा चष्मा लागून चारच दिवस झाले होते. चारही दिवस ते ठाण्यात, चेंदणीतल्या आपल्या माडीच्या सज्जात बसून नुसतं पाहत होते आणि देवाचे, डोळ्यांच्या डॉक्टरांचे आणि काच घासणाऱ्या कारागिराचे मनोमन आभार मानत होते. खाडीवरचे बगळे, समोरच्या कौलांवरचं शेवाळ, स्वतःच्या हातांवरच्या सुरकुत्या, सगळंच त्यांना सारख्याच नवलाचं वाटत होतं. पाचव्या दिवशी सकाळी त्याच चष्म्यातून त्यांना शेजारची नीला फणसे रडताना दिसली.

नीला उठसूट रडणाऱ्यांपैकी नव्हती. वडील गेल्यावर शिकवण्या करून ती प्राणिशास्त्राची पदवीधर झाली आणि आता मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत खाडीतल्या जिवांचा अभ्यास करत होती. शिवाय त्र्यंबकराव तिचे ऋणी होते. आधी एका डोळ्याचं आणि मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सव्वा महिना पट्टी बांधून पडलेल्या या विधुर म्हाताऱ्याला ती रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायची. अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत सगळा वाचायची, आणि कंटाळली तरी आवाजात कळू द्यायची नाही.

"काय झालं गं?"

"भाऊकाका, मी खोटारडी ठरले," ती म्हणाली आणि सज्जातल्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं.

दोन्ही बिऱ्हाडांच्या मधे ठेवलेली ती पेटी आळीत सगळ्यांना माहीत होती. तळाशी खाडीचा गाळ, वर कौलाचा एक तुकडा, आणि कौलाखाली बीळ करून राहणारी करंगळीएवढी कोळंबी. ही ताटातली कोळंबी नव्हे. हिचा एक डेंगा, म्हणजे पुढची नांगी, भुईमुगाच्या शेंगेएवढा मोठा आणि दुसरा काडीसारखा बारीक. मोठ्या डेंग्याचं बोट ती अशी आपटायची की काच तडकल्यासारखी टिचकी वाजायची आणि समोरचा बारकासा मासा जागच्या जागी गार व्हायचा. अशी गोळी झाडते म्हणून आळीने तिचं नाव ठेवलं होतं फौजदार, आणि नाव पडल्यापासून तिला कुणी बाई म्हणून मोजलंच नव्हतं.

नीलाने हकिगत सांगितली. तिच्या अभ्यासाचा सगळा डोलारा या एका फौजदारावर उभा होता. एकच प्राणी, सलग तीन महिने, सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास टिचक्या मोजायच्या, आणि भरती-ओहोटीशी त्यांचा मेळ बसतो का ते पाहायचं. जूनमध्ये तिने फौजदाराचं चित्र काढलं. तिचे मार्गदर्शक डॉक्टर आजगावकर यांनी प्राणी समोर ठेवून, ताडून पाहून त्यावर सही केली. काल रविवारी डॉक्टर अचानक काम पाहायला आले. कौल उचललं आणि वहीतलं चित्र पेटीशी धरलं.

"चित्रात उजवा डेंगा मोठा आहे, काका. पेटीत डावा."

"चित्र उलटं निघालं असेल."

"डॉक्टरांची सही आहे ना त्यावर. ते म्हणाले, पहिला प्राणी मेला, तू दुसरा आणून सोडलास आणि वही पुढे चालू ठेवलीस. मासेमारी खात्याच्या फेलोशिपसाठी गुरुवारी त्यांची शिफारस जायची होती. आता बुधवारपर्यंत काही उत्तर असेल तर दे म्हणालेत."

"मधल्या काळात तू पाहिलं नाहीस त्याच्याकडे?"

"कौल उचललं की तो दोन-दोन दिवस रुसतो, टिचकीच मारत नाही. म्हणून मी बघतच नाही, नुसती ऐकते."

त्र्यंबकराव तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात होते आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी कोर्टातल्या आवाजात विचारलं, "तू बदललास का प्राणी?"

"नाही."

पुढे ती काहीच बोलली नाही. खोटं बोलणारा माणूस 'नाही' म्हटल्यावर लगेच कारण जोडतो, हे त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. त्यांनी वही मागून घेतली आणि नव्या चष्म्यातून पानं उलटू लागले. नागपंचमीच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. सकाळी चौदा, संध्याकाळी अकरा.

त्या दिवशी पेटीत एकही टिचकी वाजली नव्हती. हे त्र्यंबकरावांइतकं खात्रीने दुसरं कुणीच सांगू शकलं नसतं.

२

डोळे बांधलेल्या माणसाला कानांशिवाय दुसरी करमणूक नसते. त्र्यंबकरावांची खाट खिडकीला लागून होती आणि खिडकीबाहेर ती पेटी. दिवसभर ते टिचक्यांची वाट पाहायचे. मग दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी नीला डोंबिवलीला गेली. तिची थोरली बहीण हेमा बाळंत व्हायची होती. नीला पंधरा दिवसांनी, नारळी पौर्णिमेला परतली. ती गेली त्याच्या दुसऱ्या संध्याकाळपासून टिचक्याही बंद झाल्या. त्यांना वाटलं, पोरगीने फौजदारालाही मागाहून तिकडे मागवून घेतलं असेल. पेपर नाही आणि टिचकीही नाही, असे ते दिवस त्यांनी कसेबसे ढकलले होते. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पुन्हा आवाज सुरू झाला, पण बारीक, काकणावर काकण लागावं तसा. पुढे तो मोठा होत गेला. फौजदार डोंबिवलीचं पाणी पिऊन अशक्त झालाय, असंच त्यांनी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं होतं.

"त्या पंधरा दिवसांत वही कोणी लिहिली?" त्यांनी विचारलं.

"सुधीरने. मीच सांगून गेलेले त्याला."

सुधीर नीलाचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. कल्याणला एका कचेरीत कारकून होता आणि उरलेल्या वेळात गणपतीच्या मेळ्यातला नट. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्र्यंबकराव वही मांडीवर घेऊन बसले होते.

"सुधीर, नागपंचमीला चौदा टिचक्या. तू ऐकल्यास?"

"हो काका. म्हणजे काय आहे, त्या दिवशी तालीम उशिरा होती, म्हणून मी सकाळी अगदी पेटीपाशीच बसलेलो, आणि..."

"मी खिडकीशीच होतो," त्र्यंबकराव म्हणाले. "डोळे बांधले होते रे. कान नव्हते बांधले."

सुधीर बराच वेळ सज्जाचा कठडा नखाने खरवडत राहिला.

"अवसेनंतर दोन दिवस खरंच बसलेलो, काका. आईशप्पथ. एक टिचकी नाही. मला वाटलं, ताई म्हणेल हा बसलाच नाही, तालमीला पळाला. शून्य लिहायची हिंमत झाली नाही. मग मागच्या पानांवरचे आकडे बघून तसेच टाकत गेलो. तिचं एवढं नुकसान होईल असं वाटलंच नव्हतं."

"आणि प्राणी? तो कोणी बदलला?"

"मी त्या पेटीत कधी हात घातला नाही. मला त्याची भीती वाटते."

हेही खरं होतं. म्हणजे फौजदार दिव्याच्या अवसेला मुका झाला आणि बारा-तेरा दिवसांनी बोलू लागला, तो दुसऱ्याच हाताने. त्र्यंबकरावांना आता डॉक्टरांचंच म्हणणं पटू लागलं, आणि पटतंय याचंच त्यांना वाईट वाटलं. कुणीतरी खरोखरच प्राणी बदलला असावा. असं करू शकेल असा एकच माणूस होता.

३

धाकू कोळी मंगळवारी भरतीचं पाणी घेऊन आला. रोज दोन डबे खाडीचं पाणी तो वर आणून ठेवायचा, आणि मुळात फौजदारही त्यानेच गाळातून काढून आणला होता.

"बस जरा, धाकू," त्र्यंबकराव म्हणाले. "नीलाला किती आणून दिलेस असले?"

"एकच. यो गोली मारनारा एकच आनलेला. मिरगाच्या आधी."

"नंतर दुसरा? नारळी पौर्णिमेच्या सुमाराला?"

"नाय, भाऊसाहेब. पुनवेला आमचा सन. मी दर्यान घालाच्या होरीला रंग लावीत व्हतो का यो शोधीत बसतो?" तो हसला. मग जरा घुटमळला. "पन एक इचारू? ही तुमची गंगुबाय हाय ना, ती तवापासून मना रोज चाय पाजते. चपाती पन देते, गूल लावून. कनाला ते मना म्हाईत नाय. पयल्यांदा मना वाटला, म्हातारीचा नवस असंल."

"तू विचारलं नाहीस?"

"इचारला न् बंद केला तर?"

त्र्यंबकराव ताठ बसले. गंगुबाई दोन्ही घरांची धुणीभांडी करायची. ती जुन्नरकडची बाई, हाताला चिकट नव्हती पण चहाच्या बाबतीत साखरसुद्धा मोजून घालणारी. ती कुणाला उगाच गूळ लावून चपाती देणार नाही. ज्याने आपल्यावर मोठा उपकार केला आहे, त्यालाच ती देईल. धाकू म्हणत होता की त्याने काहीच केलं नाही, आणि धाकूच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती.

न केलेल्या उपकाराची फेड कोण करतं? नीला डोंबिवलीला गेली तेव्हा पेटीचं पाणी बदलायचं काम गंगुबाईकडे होतं. त्र्यंबकरावांनी आत हाक मारली, "गंगुबाई, हात धुऊन इकडे या."

४

गंगुबाई आली, धाकू बसलेला दिसला, वही दिसली, आणि काही विचारायच्या आतच ती खाली बसली.

"भाऊसाहेब, त्येचा काई दोष न्हाई. समदं माझ्या हातनं झालं."

दिव्याच्या अवसेला दोन्ही घरचे दिवे घासायचे होते, पुरणाची दिंडं करायची होती. घाईघाईत तिने पेटीचं पाणी बदलायला घेतलं. फौजदाराला घमेल्यात ठेवायचं म्हणून तिने बाजारातली कोळंबी उचलावी तसा त्याला मोठ्या डेंग्याला धरून उचलला.

"त्यानं डेंगाच सोडला माझ्या हातात आन् आपुन पान्यात पडला. मी वढला न्हाई हो. त्यानंच सोडला. तसाच गेला कौलाखाली. नीलाताईचं एवढं मोलाचं जनावर. बारा दिस कौलाखालनं आवाज न्हाई. येका सकाळी बघते तर मेलेला, पान्यावर तरंगत व्हता. काढला आन् कुकवाच्या रिकाम्या डबीत ठिवला. ताई आली की पायावर घालीन म्हनलं."

"मग?"

"मग दुसऱ्या दिशी परत टिक! मी समजले. धाकूनं बघितलं आसंल, आन् माझी लाज राखायला दुसरा आनून सोडला. त्येला इचारलं न्हाई. इचारलं तर त्येला बी खोटं बोलावं लागलं आसतं. चाय तेवढा देत आले."

धाकूचं तोंड उघडंच राहिलं. "मी नाय सोरला, गंगुबाय."

"डबी कुठे आहे?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

गंगुबाईने ती मिसरीच्या पुडीशेजारून, फळीवरून काढून आणली. आत एक वाळलेला डेंगा होता, भुईमुगाच्या शेंगेएवढा, आणि कापसावर ठेवलेला फौजदार. गंगुबाईने त्याला हळद वाहिली होती.

त्र्यंबकरावांनी डबी नाकाशी नेली. मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा नेली. ते जातीचे मासेखाऊ. श्रावण सोडला तर त्यांच्या घरात मासळीशिवाय आठवडा गेला नव्हता, आणि बायको गेल्यापासून कोळंबी तेच सोलत.

"किती दिवस झाले याला डबीत?"

"म्हैना झाला की."

"महिनाभर मेलेली कोळंबी डबीत, आणि वास नाही?"

त्यांनी फौजदाराला उचलून तळहातावर ठेवलं. वजन लागलंच नाही. त्यांच्या श्वासाने तो सरकला. मिशा होत्या, पाय होते, डोळ्यांवरची पारदर्शक टोपणंसुद्धा जागच्या जागी होती. पण पाठ आणि शेपूट यांच्या सांध्यावर एक आडवी फट होती, आणि फटीतून आत पाहिलं तर आत कुणीही नव्हतं.

"नीला," त्यांनी हाक मारली. "लवकर ये. हे प्रेत नाही. हे कपडे आहेत."

५

बुधवारी दुपारी डॉक्टर आजगावकर आले. उंच, सडपातळ, मनाने चांगले आणि म्हणूनच जास्त दुखावलेले. सज्जात सगळेच हजर होते. त्र्यंबकरावांनी कोर्टात लावायचे तशी पुराव्यांची रांग लावली: जूनचं चित्र, कुंकवाची डबी, सुटा डेंगा आणि मधोमध पेटी.

"डॉक्टरसाहेब, मी आयुष्यभर कोळंबी खाल्ली, पण तिच्याकडे पाहिलं कधी नाही. तेव्हा प्राण्यांचं नीला सांगेल, मी माणसांचं सांगतो. या पेटीत प्राणी आणणारा एकच माणूस, धाकू, आणि त्याने एकच आणला. बाहेर काढणारी एकच, गंगुबाई, आणि तिने बाहेर काढलं ते हे. हे जर प्रेत असेल तर पेटीतला प्राणी आभाळातून पडला. पण हे प्रेत नाही, नुसतं टरफल आहे. मग अंगरखा इथे आहे तर अंगरख्याचा मालक कुठे आहे?"

डॉक्टरांनी भिंग काढलं. नीला पुढे झाली. तिचा आवाज आधी बारीक होता, पुढे मोठा होत गेला.

"सर, या टरफलाला उजवा डेंगा नाहीच. मुळाशी, ठरलेल्या सांध्यावर सुटलाय, फाटलेला नाही. संकटात सापडला की हा प्राणी डेंगा स्वतःहून सोडतो. डावा डेंगा अजून बारीक आहे, जूनच्या चित्रात आहे तसाच. म्हणजे हा आपलाच फौजदार, उजवा हात गेल्यानंतरचा. त्यानंतर त्याने कात टाकली. आणि आता पेटीत बघा."

तिने कौल उचललं. फौजदार डावा डेंगा उगारून बसला होता. उजवीकडे, जिथे काहीच नसायला हवं होतं, तिथे काडीसारखा बारीक, फिकट, नवा डेंगा होता.

"गेलेला डेंगा पुन्हा मोठा झाला नाही, सर. जो बारीक होता तोच मोठा झाला, आणि गेलेल्याच्या जागी बारीक आला. एका कातीत नसेल झालं पूर्ण. भाऊकाकांनी आवाज आधी बारीक आणि मग मोठा होताना ऐकलाय. मधली एखादी कात त्यानेच खाऊन टाकली असेल."

डॉक्टर कितीतरी वेळ भिंगातून पाहत राहिले. मग खाली बसले, धाकूच्या शेजारी, जमिनीवरच.

"परदेशात कुणीतरी हे पूर्वी पाहिलंय," ते हळूच म्हणाले. "पन्नासएक वर्षं झाली असतील. विद्यार्थी असताना एक ओळ वाचली होती. माझा जन्म गेला कालवांत, खडकावरच्या शिंपल्यांत. कालवाला ना उजवा हात, ना डावा. मी साफ विसरलो. नीला, माझं चुकलं."

नीला काही बोलणार तेवढ्यात सुधीर पुढे आला. काल रात्री त्र्यंबकरावांनी त्याला एवढंच म्हटलं होतं की हे मी सांगणार नाही, तुला सांगायचं तर तू सांग.

"सर, ताईच्या वहीत पंधरा दिवस खोटे आहेत. ते मी लिहिलेत. तिला कालपर्यंत माहीत नव्हतं."

सलग तीन महिन्यांची नोंद हाच तर सगळा दावा होता, आणि तो सुधीरने एका वाक्यात मोडला होता. नीलाने भावाकडे पाहिलं. मग आत जाऊन लाल पेन्सिल घेऊन आली आणि डॉक्टरांसमोर एकेक करून पंधरा पानांवर काट मारली. शेवटच्या पानाखाली तिने लिहिलं, 'या काळातले आकडे काल्पनिक. प्राणी डेंगा गमावल्याने मुका होता. साक्षीदार, त्र्यंबक दिघे, डोळे बांधलेले.'

डॉक्टरांनी ते वाचलं आणि खिशातून पेन काढलं.

"सलग नोंद तर गेली," ते म्हणाले. "पण ज्या वहीत माणूस स्वतःच्या हाताने काट मारतो, तिची बाकीची पानं मला पुन्हा तपासावी लागत नाहीत. शिफारस उद्या जाईल. आणि नीला, आता टिचक्या पुरे. हा डेंगा कसा बदलतो ते बघ. तो तुझा विषय."

नीला वाकून नमस्कार करायला गेली तर डॉक्टरांनी तिला थांबवलं आणि गंगुबाईकडे बोट दाखवलं. "आधी यांना. यांनी ते टरफल फेकून दिलं असतं तर मी जन्मभर तुला खोटी म्हणत राहिलो असतो."

नीला खरोखरच वाकली. गंगुबाई मागे सरकली, म्हणाली, "आवं ताई, मी तर त्येचा हात मोडला," आणि रडू लागली. नीलाने तिला मिठी मारली. धाकू हे सगळं पाहत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"मंग गंगुबाय, मी काय केलाच नाय तर आता चाय बंद?"

गंगुबाईने पदराने डोळे पुसले. "बंद कशापायी? म्हैनाभर तुझं भलं चितत आले. आता त्ये कुनाला देऊ?" आणि ती आधण ठेवायला आत गेली.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर नीलाने पेपर आणून त्र्यंबकरावांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो तिच्याकडे परत सरकवला.

"वाच."

"आता तुम्हाला दिसतं की, काका."

"दिसतं गं. देवाच्या दयेने सगळं दिसतं. पण डोळे बांधले होते म्हणून मला तुझं खरं ऐकू आलं. त्या अंधाराचे आभार कुणाचे मानायचे ते मला कळत नाही, तेव्हा तुझेच मानतो. वाच."

नीलाने पेपर उघडला. त्र्यंबकरावांनी नवा चष्मा काढून डबीत ठेवला, डोळे मिटून घेतले आणि ऐकू लागले. पहिला मथळा अर्धा वाचून झाला होता तेवढ्यात कौलाखालून टिचकी वाजली.

"एक," त्र्यंबकराव म्हणाले. "लिहून ठेव."